घाटातला मागचा

“जावईबापू, मागचा रुसलाय. तुम्ही जा आणि त्याची समजूत काढा.”

माझे सासरे इंजिनाच्या दांडीला धरून अर्धे बाहेर लोंबकळत होते आणि मी खाली खडीवर उभा होतो. कपाळाला बाशिंग, गालांवर मुंडावळ्या, हातात लिंबू खोचलेली कट्यार. वर चैत्राचं ऊन. अंगाला लावलेली हळद घामाबरोबर मानेवरून खाली चालली होती.

सासरे म्हणतो खरा, पण ते अजून व्हायचे होते. लग्न लागलं तर! मुहूर्त गोरजाचा, सूर्य समोरच्या डोंगराच्या वर जेमतेम चार हात, आणि आमची वऱ्हाडाची गाडी ऐन घाटात फतकल मारून बसलेली.

“मागचा म्हणजे कोण?” मी विचारलं.

“मागच्या इंजिनाचा डायवर हो! घाट चढायला गाडीला मागनं ढकलायला इंजिन लावतात, बघितलं न्हाई का खाली? त्यानं ढकलायचं सोडलंय. मला कळतंय ना. पाठीवरचा हात काढून घेतला की कळतंच माणसाला.”

आता थोडं सांगायला हवं. आम्ही फल्ले, घाटाखालच्या अंबेवाडीचे तेली. दोन घाणे, एक दुकान. माझे सासरे बजाबा किर्वे घाटावरच्या दांडेगावचे, तिथल्या रेल्वेच्या वसाहतीत राहायचे. त्यांना मुलीच्या लग्नाला रजा मिळाली नाही. मग त्यांनी काय केलं, तर वऱ्हाडाची गाडी स्वतःच आणायचं ठरवलं. गाडी दांडेगावला पोचवायची, इंजिन दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं, हात धुवायचे आणि कन्यादानाला बसायचं. सासऱ्यानं स्वतः हाकत नेलेला नवरदेव माझ्याशिवाय दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही.

मुलगी अनसूया. एकदा आत्याकडे अंबेवाडीला आली होती, तेव्हा आमच्या दुकानी तेल घ्यायला आली. मी माप भरून बरणीत ओतायला गेलो तर म्हणाली, “थांबा. आधी फेस खाली बसू द्या, मग माप घाला. फेसाचे पैसे आम्ही देत नाही.” दुकानात गिऱ्हाइकं खो खो हसली. मी त्या दिवसापासून कामातून गेलो. घरी स्पष्ट सांगितलं, करीन तर हीच.

पण अनसूयाला आई नव्हती. तिच्या बाजूनं सगळा कारभार तिच्या दौलतमामाचा, आणि दौलतमामाला मी मुळीच पसंत नव्हतो. त्याच्या मनात बायकोच्या भावाचा मुलगा होता ना! बजाबांनी कसंबसं त्याला गप्प केलं, तर हा म्हणाला, “ठीक आहे. पण मुहूर्त टळला तर मग माझ्या मनासारखं होईल. आमचा मुलगा मांडवातच असेल.” आणि खरंच, तो मुलगा त्या दिवशी सकाळपासून नवी टोपी घालून मांडवात बसला होता, हे मला मागाहून कळलं. तेव्हा माझं काय होणार ते त्या सूर्याच्या हातात होतं आणि तो काही माझ्यासाठी थांबणार नव्हता.

“पण तो रुसेल कशाला?” मी बजाबांना विचारलं.

बजाबांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. तोंड होतं त्याहून काळं झालं.

“त्याला लग्नाचं आवतन दिलं न्हाई.”

“का नाही दिलं?”

“कुणाच्या नावानं देऊ? नावच ठाऊक न्हाई!”

मी विचारलं, “किती वर्षं ढकलतोय तो तुम्हाला?”

“झाली असतील बारा-तेरा.”

“आणि नाव माहीत नाही?”

“अहो, भेटतोय कुठं? खाली टेसनात मी ह्या टोकाला, तो त्या टोकाला. डायवरला इंजिन सोडून जाता येत न्हाई. माथा आला की मी पुढं निघतो आणि तो सुटून मागं घसरत घरी जातो. तो राहतो खाली, मी वर. शिटीवर बोलतो आम्ही. मी दोन दिल्या की तो दोन देतो. त्याला पडसं झालं तरी मला त्याच्या शिटीवरनं कळतं. पयल्या वर्षी नाव विचारायचं राहिलं, मग लाज वाटायला लागली. आता इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडानं विचारू?” बजाबांनी गाडीच्या मागच्या टोकाकडे बघितलं. “अनसूयाची आई गेली, तिसऱ्या दिवशी मी कामावर आलो. शिटी द्यायचं भानच न्हवतं मला. त्यानं काय समजायचं ते समजला. त्या दिवशी सबंध घाट त्यानंच चढवला, मी नुसता बसून होतो. असा माणूस आहे तो. आणि मी त्याला अक्षता पाठवल्या न्हाईत.”

त्यांचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, जास्त वाईट सूर्याकडे बघून वाटत होतं.

“जातो,” मी म्हणालो आणि निघालो.

गाडीच्या कडेकडेनं मागे जाणं म्हणजे तारांबळ. एका बाजूला दरी, पायाखाली खडी, आणि प्रत्येक खिडकीतून आमची वऱ्हाडी तोंडं. “अरे, नवरदेव निघाला कुठं?” “पळून चाललाय वाटतं!” “बायको वर आहे बाबा, खाली नाही!” एवढ्यात माझी ठकूआत्या धाडकन डब्यातून खाली उतरली. ठकूआत्या म्हणजे आमच्या घरातली तोफ.

“हळदीच्या अंगानं एकटा फिरतोस होय रे मेल्या? काही नजरबिजर लागली म्हणजे?”

“आत्या, अक्षता आहेत का तुझ्याकडे?”

“कुंकवा-अक्षतांची कुयरी माझ्या कमरेलाच आहे. का?”

“मग चल. एका माणसाला आवतन द्यायचंय.”

“इथं? डोंगरात?”

पण आली. अशा वेळी ती फार विचारत बसत नसे.

शेवटचा डबा गार्डाचा. त्यात आमचं सामान आणि लग्नाच्या जेवणासाठी आणलेले तेलाचे डबे रचले होते. गार्डसाहेब खाली उतरून लाल बावटा धरून उभे होते. त्यांच्या मिशीला आमच्या लाडवाचा चुरा लागलेला होता. आणि त्या डब्याच्या मागे ते इंजिन.

देवा रे! एवढं लांबलचक धूड मी जन्मात बघितलं नव्हतं. वर बॉयलर एकच, पण खाली चाकांचे दोन संच, दोन्हींची यंत्रं वेगळी, जणू एका इंजिनाखाली दोन इंजिनं. घाटाच्या वळणावर ते उभं होतं. मागचा संच बॉयलरला धरून सरळ, पुढचा मात्र वळणाबरोबर वळलेला आणि वरचं नाक रुळांच्या बाहेर दरीकडे निघालेलं. पुढच्या चाकांशी एक दणकट, पांढऱ्या मिशांचा माणूस कमरेवर हात ठेवून ओरडत होता.

“अगं सूनबाई, आता पुरे की! किती नखरे करशील? म्हातारी बिचारी एकटी मरतीय तिकडं!”

ठकूआत्यानं माझा दंड धरला. “रुसलेला नव्हे रे, हा वेडा आहे.”

“राम राम,” मी म्हणालो. “आपण डायवर का?”

त्यानं मला बाशिंगापासून जोड्यापर्यंत न्याहाळलं. “नवरदेव का?”

“हो. बजाबांनी पाठवलंय. पुढच्या डायवरनी.”

“बजाबा म्हणत्यात व्हय त्याला?” तो स्वतःशीच म्हणाला. “बरं. काय म्हनतो?”

“म्हणतात, तुम्ही रुसलात. आवतन दिलं नाही म्हणून ढकलत नाही.”

तो माणूस असा काही तापला की मी दोन पावलं मागे सरलो. “ढकलत न्हाई? म्या? सकाळधरनं वाफ राखून ठिवलीया ह्या गाडीसाठी! रुसलोय तर रुसलोय, न्हाई म्हनत न्हाई. समदी अंबेवाडी सांगतीय, पुढच्याच्या पोरीचं लगीन, आन् मागच्याला पत्ता न्हाई. वाईट वाटलं. पर रुसवा काय घाटात काढायचा असतो? गाडीत पोरंबाळं बसल्यात! त्याला वाटलंच कसं असं?”

“मग गाडी का थांबली?”

“ही सून घसरतीय,” त्यानं पुढच्या चाकांवर लाथ मारली. “ही मागची चाकं म्हंजी सासू. बॉयलरची ताजी वाफ पयली तिला. तिनं वापरून झाली की मग तीच उष्टी वाफ ह्या पुढच्या चाकांना, म्हंजी सुनेला.”

“अगदी आमच्या घरासारखं,” ठकूआत्या म्हणाली.

“तर! आन् सून बिथरली की जागच्या जागी गरागरा फिरती, पुढं सरकत न्हाई. एरवी रुळावर वाळू सोडली की गप चालती. आज वाळूची पेटी रिकामी झाली तरी ऐकंना. बारा वर्सांत असं केलं न्हाई तिनं.”

त्याच्या आवाजात असा गोंधळ होता की मला त्याची दया आली. मी वाकून रुळाकडे बघितलं. बघितलं म्हणण्यापेक्षा, वास आला. माझं सगळं आयुष्य ज्या वासात गेलं तो वास मला ओळखायला वेळ लागत नाही. करडईचं तेल. आणि तेही आमच्या घाण्याचं!

मी गार्डाच्या डब्याखाली डोकं घातलं. फळ्यांच्या फटीतून तेलाची बारीक धार चाकावर आणि चाकावरून रुळावर चालली होती.

“आत्या,” मी म्हणालो, “आपला डबा फुटलाय.”

घाट सुरू होताना मागच्या इंजिनानं गाडीला पहिली ढुशी दिली, त्यात रचलेला एक डबा खाली येऊन खिळ्यावर बसला होता. तेव्हापासून आम्ही पुढे तेल ओतत चाललो होतो आणि आमच्यामागे ते बिचारं इंजिन त्याच तेलावरून आम्हाला ढकलत होतं. आणि तिकडे बजाबा रडत होते, मागचा रुसला म्हणून!

डायवरला हे सांगितलं तेव्हा तो आधी हबकला, मग रुळावर बसून पोट धरधरून हसला. “वऱ्हाडानं सुनेच्या पायाखाली तेल वतलं! आन् म्या बसलोय तिला बोल लावत!”

मी सूर्याकडे बोट दाखवलं. “हसू नका हो. तो बुडाला तर माझं लग्न मोडतंय.”

त्याचं हसू तिथंच थांबलं. “काय करायचं सांग. तेली तू हायेस.”

“राख आहे का इंजिनात?”

“राखंला काय तोटा? गाडाभर काढून देतो!”

त्याच्या आगवाल्यानं भट्टीखालची राख ओढून काढली. गार्डसाहेबांनी फुटका डबा उचलून बाहेर ठेवला. आणि ठकूआत्या गाडीकडे वळून जी गरजली, ती हाक दरीतून दोनदा परत आली. “फल्ल्यांच्या बायांनो, उतरा खाली! भांडी घासायची आहेत!”

तो देखावा मी अजून विसरलो नाही. नऊवारी लुगड्यांचे काचे मारून, नथा सांभाळत, आमच्या घरच्या सगळ्या बाया ओळीनं रुळांवर वाकल्या आणि मूठमूठ राख घेऊन तेलाची कढई घासावी तसे रूळ घासू लागल्या. चाकंही घासली. काकू म्हणाली, “सुनेचे पाय आधी, सासूला थोडं थांबू दे, तिला सवय आहे.” पुरुषांनी उपरणी दिली, माझा शेला गेला, शेवटी फेटाही गेला. बाशिंग मी नुसत्या डोक्यावर बांधलं आणि त्यावरून जी चेष्टा झाली ती इथं सांगत नाही.

रूळ लखलखीत झाले. मग आत्यानं राखेचे हात पदराला पुसले, कुयरी उघडली आणि डायवरच्या कपाळाला कुंकू लावलं. मी त्याच्या काळ्या ओंजळीत अक्षता ठेवल्या.

“लग्नाला यायचं,” मी म्हणालो. “बजाबांचं आवतन आहे. त्यांना तुमचं नाव माहीत नव्हतं, लाज वाटत होती, म्हणून राहिलं. नाव काय तुमचं?”

त्यानं मूठ मिटली. “त्याला म्हनावं, सोता इचार. आन् मला कसं येता यील? माथ्यावर आमचं इंजिन सुटतं. बारा वर्सं ह्या घाटात काढली, पर माथ्याच्या पल्याड काय हाय ते बघितलं न्हाई म्या.”

मी गार्डसाहेबांकडे बघितलं. ठकूआत्यानंही बघितलं, आणि तिचं बघणं म्हणजे काय ते आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. गार्डसाहेबांनी मिशीवरचा चुरा झटकला. “रूळ निसरडे आहेत,” ते खाकरून म्हणाले. “गाडी मागे घसरू शकते. तेव्हा आज मागचं इंजिन साखळीनं जोडून थेट स्टेशनात न्यावं, असं माझं मत आहे. तसं लिहून देईन मी.”

साखळी अडकली. आम्ही आपापल्या डब्यात शिरलो. पुढून बजाबांनी दोन शिट्ट्या दिल्या, जरा भीतभीतच. मागून दोन आल्या, अशा खणखणीत की डोंगरातले पक्षी उडाले. आणि मग सासू, सून, दोघींनी मिळून जो रेटा दिला, तो मला माझ्या बाकावर, पाठीच्या कण्यात जाणवला. आमच्या डब्यात लोकांनी टाळ्या पिटल्या. मी मात्र खिडकीतून डोळे काढले नाहीत. सूर्य डोंगराला टेकला होता.

दांडेगावच्या फलाटावर गाडी पुरती थांबायच्या आत मी उडी मारली. पुढून बजाबा धावत आले, हात धुवायचं राहूनच गेलं. मांडव स्टेशनाला लागूनच होता. मांडवाच्या दारात दौलतमामा आभाळाकडे बोट करून उभा.

“बुडाला सूर्य. आता बोलायचं नाही.”

भटजींनी कपाळावर हात आडवा धरून रस्त्याकडे बघितलं. “गोरज म्हणजे गाई घरी येतानाची वेळ, दौलतराव. त्या बघा, तुमच्या गावच्या गाई आत्ता कुठं ओढ्यातून वर येताहेत. मुहूर्त आहे. उभे करा मुलगा-मुलगी!”

दौलतमामाचं तोंड बघण्यासारखं झालं. “मग लावा माझ्याशिवाय!” तो म्हणाला, आणि मांडवाबाहेर जाऊन, आमच्याकडे पाठ करून ओट्यावर बसला. नव्या टोपीचा मुलगा त्याच्या शेजारी.

मी पाटावर चढलो. मध्ये अंतरपाट धरला गेला. पलीकडे बांगड्या वाजल्या, अनसूया आली होती. माझ्या मागे माझा मामा उभा राहिला. भटजींनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“मुलीच्या पाठीशी मामा कुठं आहे?”

 मामाशिवाय मुलीला बोहल्यावर कसं उभं करणार? बजाबांनी आपल्या भावकीकडे बघितलं, तर एकजण पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरतोय, दुसरा मांडवाचे बांबू मोजतोय. दौलतमामाशी वाकडं कोण घेणार? गाई वेशीत आल्या होत्या. त्यांच्या गळ्यातल्या घंटा मला ऐकू येत होत्या.  एवढा घाट चढून आलो आणि इथं, दीड हातावर, अडकणार?

तेवढ्यात मांडवाच्या दाराशी कुजबुज झाली. मागचा डायवर इंजिन आगवाल्यावर सोपवून आला होता आणि दाराबाहेरच उभा होता, आत यावं की नाही अशा विचारात. काळा कोट, पांढऱ्या मिशा, कपाळावर आमच्या आत्याचं कुंकू, आणि मुठीत अजून त्याच अक्षता.

बजाबा सगळं सोडून त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते, अगदी लेकरांनी बघावं तसं. 

“मागचे ना?” बजाबांनी विचारलं.

“व्हय. पुढचे ना?”

“हो.” बजाबा आणखी एक पाऊल पुढे आले. “नाव काय हो तुमचं?”

“केरबा.”

“मी बजाबा. केरबा, माझ्या पोरीच्या मागं उभं राहायला कुणी न्हाई.”

 केरबानं मुठीतल्या अक्षता कोटाच्या खिशात टाकल्या, दोन्ही हात कोटाला पुसले, पुन्हा पुसले, आणि बोहल्यावर चढून अनसूयाच्या मागे जाऊन उभा राहिला. पण चार हात लांब. पिवळ्या लुगड्याला काळे हात लागतील म्हणून त्यानं ते पाठीमागे धरले होते. भटजी खूण करत होते, पुढे व्हा, पुढे व्हा. तो मान हलवत होता.

तेव्हा अंतरपाटापलीकडून माझ्या बायकोचा आवाज आला. फेस खाली बसू द्या म्हणणारा तोच आवाज, फक्त थोडा ओला.

“मामा, जवळ या,” ती म्हणाली. “एवढ्या लांबून कसं ढकलाल?”

मांडव हसला, बजाबा रडले. तिच्या दोन्ही खांद्यांवर दोन काळे पंजे आले, आणि भटजींनी मंगलाष्टकांना सुरुवात केली.